फंडातली उचल आणि घराचा संचकार: सीमाभागातल्या नव्या जवानासाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातलं पोरगं भरती झालं की चार-पाच वर्षांत घरात एक विषय हमखास निघतो. बेळगावात एखादा प्लॉट नाहीतर तयार घर बघून ठेवायला पाहिजे. पोरगं सुट्टीवर आलं की एजंट दारात उभा. फौजीच्या पगारावर बँका कर्ज द्यायला तयार असतात, त्यामुळे मोठ्या रकमेची काळजी तशी कमी. अडतं ते सुरुवातीच्या पैशावर: संचकार (म्हणजे विसार), बँक देत नाही तो हिस्सा, मुद्रांक, नोंदणी. मग कुणीतरी पगारातून कापून साठलेल्या भविष्य निर्वाह फंडाकडे बोट दाखवून सुचवतं, "फंडातून उचल की!"

उचलता येते. पण आमच्या भागात पैसा आधी निघतो आणि कागद नंतर बघितला जातो, आणि पुढचा सगळा घोळ त्या उलट्या क्रमातून होतो. म्हणून इथे कागदावर जास्त लिहिलंय आणि फंडावर कमी.

उचल म्हणजे नेमकं काय

आधी एक गैरसमज बाजूला काढू. ब्रिटनच्या फौजेत २०१४ पासून एक योजना आहे. तिथला सैनिक घराच्या पहिल्या रकमेसाठी वर्षाच्या पगाराच्या निम्म्यापर्यंत, जास्तीत जास्त २५,००० पौंड, बिनव्याजी उचलतो आणि दहा वर्षांत पगारातून फेडतो. मोबाइलवर कुणीतरी ते बघतो आणि आपल्याकडेही तसंच असणार असं धरून चालतो. आपल्याकडे तशी योजना नाही. उलट सातव्या वेतन आयोगानंतर २०१६ मध्ये केंद्र सरकारने बहुतेक बिनव्याजी अग्रिम (आगाऊ मिळणाऱ्या रकमा) बंदच केले. उपचार, प्रवास, एलटीसी (रजेतल्या प्रवासाची सवलत) अशा मोजक्या कारणांचेच राहिले. २०२० मध्ये सणासाठी १०,००० रुपयांची खास उचल मिळाली होती, तीही एकदाच.

घरासाठी आपल्या हातात खरे रस्ते तीन. पहिला स्वतःचा फंड: जवान आणि जेसीओंसाठी (सुभेदार वगैरे हुद्दे) तो एएफपीपी नावाचा, अधिकाऱ्यांसाठी डीएसओपी नावाचा. दुसरा आर्मी ग्रुप इन्शुरन्स फंडाचं घरकर्ज, ज्याचा हप्ता पगारातूनच वळता होतो. तिसरा केंद्र सरकारचा गृहबांधणी अग्रिम. २०१७ च्या नियमांनुसार हा ३४ महिन्यांच्या मूळ वेतनाइतका, कमाल २५ लाख, आणि त्यात आधी १८० हप्त्यांपर्यंत मुद्दल, मग ६० हप्त्यांपर्यंत व्याज फिटतं. दुसरा आणि तिसरा रस्ता म्हणजे सरळ कर्ज, बँकेच्या कर्जासारखंच. पहिला मात्र तुमचाच पैसा आहे. पहिल्या रकमेसाठी मी त्याच्याकडेच बघेन.

फंडातून दोन प्रकारे पैसे निघतात. एक परतफेडीचा, जो दर महिन्याच्या पे स्लिपमध्ये रिकव्हरी म्हणून कापला जातो. दुसरा कायमचा काढलेला, जो परत भरावा लागत नाही. घरासाठी दुसरा बरा. बँकेचा हप्ता आणि फंडाची रिकव्हरी एकाच पगारातून जायला लागली की घरी पाठवायला काही उरत नाही, आणि बँकसुद्धा ती रिकव्हरी बघून कर्जाची रक्कम खाली आणते.

काही जण पूर्ण फंडच रिकामा करतात. कर्ज जितकं कमी तितकं बरं, हा त्यांचा हिशेब. मला तो पटत नाही. एप्रिल २०२० पासून या फंडावर ७.१ टक्के व्याज मिळतंय. हाच दर टिकला तर आज काढलेले ५ लाख १५ वर्षांनी जवळपास १४ लाख झाले असते. घरकर्जाचा दर त्याहून थोडाच वर असतो. म्हणून फंडातून पहिल्या रकमेपुरतं आणि नोंदणीच्या खर्चापुरतं काढा, बाकी तसंच राहू द्या. रिटायर होताना ग्रॅच्युइटीच्या जोडीला तोच पैसा कामाला येतो.

किती लागतील ते आधी कागदावर मांडा

समजा कंग्राळी किंवा हिंडलग्याच्या बाजूचं एक जुनं, तयार घर ३२ लाखांना ठरतंय. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या कर्जात बँक मिळकतीच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत देऊ शकते. देऊ शकते, देईलच असं नाही. जुन्या घराला ८० टक्के धरून चला. म्हणजे कर्ज २५ लाख ६० हजार, पदरचे ६ लाख ४० हजार.

मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च बँक किमतीत धरत नाही, तो वेगळा. कर्नाटकात अशा खरेदीवर मुद्रांक ५ टक्के, वर सेस आणि सरचार्ज मिळून शहरात ५.६ टक्के होतो. नोंदणी फी ऑगस्ट २०२५ अखेर १ टक्क्यावरून २ टक्के झाली. एकूण ७.६ टक्के, म्हणजे ३२ लाखांवर साधारण २ लाख ४३ हजार. दोन्ही मिळून ८ लाख ८३ हजार झाले, आणि त्यात वकील, बँकेचं मूल्यांकन, घराची डागडुजी अजून धरलेलीच नाही. "पाच लाख उचलले की झालं" म्हणणारे इथेच अडकतात आणि मग एखाद्या क्रेडिट सोसायटीतून पर्सनल लोन काढतात. ते टाळा. पदरचा हिस्साही कर्जाचाच असेल तर तो पदरचा राहत नाही, आणि बँकेला तो सिबिलमध्ये, म्हणजे तुमच्या कर्जांच्या नोंदीत, दिसतोच.

मुद्रांक वाचवायला किंमत गाईडन्स व्हॅल्यूइतकीच (सरकारने ठरवलेल्या किमान दराइतकीच) दाखवू आणि वरचे रोख द्या, असं विकणारा म्हणेल. नोकरदाराला हे परवडत नाही. बँक कागदावरच्या किमतीवर कर्ज देते, त्यामुळे किंमत कमी दाखवली की कर्ज कमी होतं आणि रोखीचा भार तुमच्यावर येतो. शिवाय जमीन-घराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा जास्त रोख घेणं आयकर कायद्यात बसत नाही, आणि तुमचा पैसा तर फंडातून थेट खात्यावर येतो. त्याचा माग लख्ख असतो.

हप्ताही आधीच काढून बघा. २५ लाख ६० हजार, ८ टक्के, १५ वर्षं: महिन्याला साधारण साडेचोवीस हजार. हा आकडा मूळ पगार, एमएसपी (फौजेचा मिलिटरी सर्व्हिस पे) आणि महागाई भत्ता यांच्यासमोर ठेवा. फील्डचा किंवा हाय अल्टिट्यूडचा भत्ता त्यात धरू नका. पलटण पीस स्टेशनला आली की तो बंद होतो, हप्ता मात्र चालूच राहतो. आणखी एक गोष्ट बँकेचा माणूस स्वतःहून काढणार नाही: जवान सरकारी बाबूसारखा साठीपर्यंत नोकरीत नसतो. चाळिशीच्या आसपास घरी येतो. कर्जाची मुदत त्याच्याही पुढे जात असेल तर ते पेन्शनवर चालणार की पेन्शन विकून मिळणाऱ्या रकमेतून मिटवायचं, हे आजच ठरवा. फौजीला पेन्शनचा निम्म्यापर्यंत भाग विकता येतो, पण विकलेला भाग १५ वर्षं मिळत नाही.

संचकार देण्याआधीचे कागद

इथे घाई करू नका. सुट्टी ६० दिवसांची असली तरी त्यातले निम्मे दिवस लग्नं, जत्रा आणि पाहुण्यात जातात. विकणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. "आज संचकार द्या, दुसरं गिऱ्हाईक बसलंय" हे वाक्य सुट्टीवर आलेल्या फौजीसाठीच राखून ठेवलेलं असतं.

आपल्या भागाची पहिली अडचण म्हणजे कागद कन्नडमध्ये असतो. बोलणं मराठीत होतं, व्यवहारही मराठीत ठरतो, आणि सही मात्र न वाचता येणाऱ्या मजकुराखाली होते. शाळेत कन्नड शिकलेली माणसंही दस्ताच्या भाषेपाशी थबकतात. म्हणून विकणाऱ्याचा नाही, एजंटाचा नाही, तुमचा स्वतःचा वकील हवा, कन्नड दस्त वाचून मराठीत समजावणारा. त्याची फी वाचवू नका. त्याच्याकडून सर्च रिपोर्ट, म्हणजे मालकीचे जुने कागद तपासल्याचा अहवाल, लेखी घ्या. बँकेचा वकील वेगळा असतो, तो बँकेचं हित बघतो.

शहरातली मिळकत असेल तर महापालिकेचं ई-खातं (मिळकत कुणाच्या नावावर आहे याचा ऑनलाइन उतारा) मागा, त्याशिवाय नोंदणीच होत नाही. बी-खातं, म्हणजे नियमात न बसणाऱ्या मिळकतीचं खातं, निघालं तर बहुतेक बँका मागे सरतात. गावातली असेल तर पंचायतीच्या ई-स्वत्तू या ऑनलाइन मिळकत नोंदीतला नमुना ९ आणि ११ए बघा. ११बी (नियमात न बसणाऱ्या मिळकतीचा नमुना) असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका. शेतजमिनीवर पाडलेला प्लॉट असेल तर बिनशेतीचा आदेश आणि लेआउटची मंजुरी हवी. बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) हद्दीत आहे म्हणणं आणि बुडाची मंजुरी असणं यात फार अंतर आहे.

बेळगावच्या आजूबाजूला बाँडवर विकलेले प्लॉट ढिगाने आहेत. शेतकऱ्याच्या नावावरची जमीन, गुंठ्या-गुंठ्याने पाडलेली, शंभराच्या स्टँपवर लिहून दिलेली. दर स्वस्त, शेजारी ओळखीचा, रस्ताही झालेला. पण बाँडवर मालकी येत नाही, बँक कर्ज देत नाही, आणि फंडाच्या अर्जाला जोडायला धड कागद मिळत नाही. फौजीने याच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे, शेजारच्या दहा जणांनी घेतला असला तरी.

जमिनीचा उतारा, म्हणजे आरटीसी, कर्नाटक सरकारच्या 'भूमी' संकेतस्थळावर कुणालाही दिसतो. सीमेपलीकडच्या सातबाऱ्यासारखाच, पण रकाने वेगळे. ९ व्या रकान्यात मालकांची नावं. तिथे चार भावांची नावं असतील आणि सही करणारा एकच असेल तर तिथेच थांबा. ११ व्या रकान्यात इतर हक्क आणि बोजे: सोसायटीचं पीककर्ज, कोर्टाची मनाई, भूसंपादनाची नोंद. हलगा-मच्छे बायपास आणि शहराभोवतीचा रिंगरोड यांच्या संपादनाचे वाद आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहेत. त्या पट्ट्यातला सर्व्हे नंबर असेल तर नकाशावर बोट ठेवून खात्री करा.

बोजा दाखला, ज्याला सगळे ईसी म्हणतात, नोंदणी खात्याच्या 'कावेरी' संकेतस्थळावरून निघतो. नमुना १५ मध्ये त्या मिळकतीवर झालेले व्यवहार येतात, व्यवहार नसतील तर नमुना १६ मिळतो. निदान ३० वर्षांचा काढा. जुन्या वर्षांसाठी सब-रजिस्ट्रार ऑफिसात अर्ज करावा लागतो.

बहिणींच्या सह्यांचा विषय लोक हसण्यावारी नेतात. "आमच्या बहिणी हक्क मागणाऱ्यातल्या नाहीत." असतीलही, नसतीलही. कर्नाटकात वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना मुलांइतका हक्क ३० जुलै १९९४ पासून आला, देशभर २००५ मध्ये, आणि २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने तो जन्मापासूनचा असल्याचं सांगितलं. विकणाऱ्याच्या घरातल्या लग्न होऊन चंदगड-गडहिंग्लजला गेलेल्या बहिणीसुद्धा दस्तावर सहीला आल्या पाहिजेत. त्या येणार नाहीत असं कळलं तर व्यवहार तितकासा स्वच्छ नाही असं समजा.

हेच तुमच्या स्वतःच्या घरालाही लागू आहे. पुष्कळ जवान नवीन प्लॉट घेण्याऐवजी गावात वडिलांच्या जागेवर बांधतात. चांगला विचार, खर्च निम्म्यावर येतो. पण जागा वडिलांच्या नावावर आणि घर तुमच्या पैशाचं, असं झालं तर बँक कुरकुरते आणि भाऊ आज गप्प असले तरी उद्या बोलतात. आधी वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र नोंदवून घ्या. जवळच्या नात्यातल्या बक्षीसपत्राला कर्नाटकात ठरावीक आणि अगदी थोडा मुद्रांक लागतो.

नवीन फ्लॅट किंवा लेआउट असेल तर कर्नाटक रेराचा (बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाचा) नंबर तपासा. नोंदवलेला करार केल्याशिवाय बिल्डर १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

संचकारपत्र कसं असावं

कागद स्वच्छ निघाले तरच संचकार द्यायचा. छोटी रक्कम द्या, चेकने किंवा खात्यावरून. पत्रात दोन गोष्टी मुद्दाम घाला. मुदत निदान चार-पाच महिन्यांची ठेवा, कारण फंड मंजूर होऊन येईपर्यंत आणि तुमची पुढची रजा मिळेपर्यंत वेळ जातो. दुसरी अट: बँकेचं कर्ज नामंजूर झालं किंवा मिळकतीत दोष निघाला तर संचकार परत. ही ओळ घालायला विकणारा तयार नसेल तर तो कशाला भितोय ते शोधा.

आता या पत्राच्या जोरावर फंडाचा अर्ज करता येतो. त्याआधी करू नका. अंदाजाने काढलेला पैसा खात्यावर पडून राहत नाही. कुणाच्या लग्नात जातो, कुणाच्या ट्रॅक्टरच्या हप्त्यात जातो, आणि परत मागताना आपणच वाईट ठरतो.

पलटणीतला अर्ज

इथे फार लिहिण्यासारखं नाही, कारण काम आपल्या कंपनी क्लार्कच्या टेबलावरूनच होतं. अर्ज त्याच्याकडे, तिथून हेड क्लार्क, मग कमांडिंग ऑफिसरची शिफारस, आणि शेवटी पे अकाउंट्स ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जवानाचं हे ऑफिस बेळगावातच आहे. म्हणून कुणाला वाटतं की सुट्टीवर आलोय तर स्वतःच जाऊन काम करून घ्यावं. चौकशी करा, पण अर्ज पलटणीतूनच जातो. इतर रेजिमेंट आणि कोअरच्या लोकांचं ऑफिस त्यांच्या रेजिमेंटल सेंटर आणि रेकॉर्ड ऑफिसजवळ असतं.

अर्ज करण्याआधी पे स्लिपवर फंडाची शिल्लक बघा आणि मागच्या कुठल्या उचलीची रिकव्हरी चालू आहे का तेही बघा. संचकारपत्राची प्रत, ई-खात्याची किंवा उताऱ्याची प्रत, वकिलाचा रिपोर्ट जोडा. कागद कन्नडमध्ये असतील तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर करून जोडा. पठाणकोटला बसलेल्या क्लार्कला कन्नड उतारा दाखवून उपयोग नाही, अर्ज तिथेच पडून राहील.

नावाचा प्रश्न फौजीला नेहमी छळतो. सर्व्हिस रेकॉर्डमध्ये आडनाव आधी, आधारवर शेवटी, पॅनवर वडिलांचं नाव गायब. खरेदी बायकोच्या नावावर किंवा जोडनावावर करायची असेल तर तिचं लग्नानंतरचं नाव पार्ट टू ऑर्डरमध्ये (फौजेच्या नोंदींच्या आदेशात) आलंय का ते आधीच बघा. नोंदणीच्या दिवशी हे निस्तरत बसाल तर रजा संपेल.

रजा, मुखत्यारपत्र आणि नोंदणी

फंड खात्यावर, बँकेचं मंजुरीपत्र हातात, मगच नोंदणीची वेळ कावेरीवर ठरवा आणि त्या आठवड्यात रजा टाका. वार्षिक रजेचे सगळे दिवस पहिल्या फेरीत संपवू नका. जवानाला वर्षाला ३० दिवसांची कॅज्युअल रजाही असते, तिचा एक तुकडा नोंदणीसाठी राखून ठेवा.

अगदीच येता आलं नाही तर मुखत्यारपत्र. पण गावाकडे "नोटरी करून पाठव" म्हणतात ते पुरत नाही. देशात राहणाऱ्या माणसाचं मुखत्यारपत्र तो राहतो तिथल्या सब-रजिस्ट्रारसमोर होऊन त्याने साक्षांकित केलेलं असावं, असं नोंदणी कायद्याचं कलम ३३ सांगतं. म्हणजे तुम्ही जिथे पोस्टिंगला आहात तिथलं ऑफिस. मुखत्यारपत्र बायकोच्या किंवा वडिलांच्या नावाने, ठरावीक मिळकत आणि ठरावीक काम लिहून द्या. सगळ्या गोष्टींचं सर्वाधिकारी पत्र कुणालाच देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही.

दस्ताच्या मसुद्याची प्रत दोन दिवस आधी मागा आणि वकिलाला वाचायला द्या. चतुःसीमा, सर्व्हे नंबर, क्षेत्रफळ आणि नावांचं कन्नड लेखन तपासा. एका अक्षराच्या फरकासाठी पुढे चूकदुरुस्ती दस्त करावा लागतो आणि विकणारा तेव्हा फोन उचलत नाही.

अग्निवीरांसाठी

अग्निवीराला भविष्य निर्वाह फंड नाही, त्यामुळे उचल हा प्रश्नच येत नाही. पहिल्या वर्षी ३०,००० पैकी हातात २१,००० येतात, बाकीचे सेवानिधीत जातात. चार वर्षांनी सरकारच्या हिश्श्यासह व्याज धरून साधारण ११ लाख ७१ हजार मिळतात, तेही करमुक्त. ही रक्कम घराच्या पहिल्या हिश्श्याला पुरेशी आहे. पण ती हातात येण्याआधी तिच्या भरवशावर संचकार देऊ नका. चारांतला जास्तीत जास्त एकच पुढे कायम होतो आणि बाकीच्यांना कर्जासाठी नवीन नोकरीची पे स्लिप लागते. तोवर आई-वडिलांच्या जागेचे कागद साफ करून घ्या. त्याला पैसा कमी आणि फेऱ्या जास्त लागतात.

नोंदणीनंतर

खातं तुमच्या नावावर चढेपर्यंत काम संपलेलं नाही. दस्ताच्या आधारे महापालिकेत किंवा पंचायतीत खातेबदल करून घ्या, घरपट्टीची पावती नव्या नावाने निघाली की एक प्रत जपून ठेवा. पैसा घरासाठीच वापरला याचा पुरावा म्हणून नोंदवलेल्या दस्ताची प्रत पलटणीत द्या आणि आपल्याकडे पोच घ्या. मूळ दस्त बँकेत जातो, म्हणून कर्ज देताना बँकेने कोणकोणते मूळ कागद घेतले त्याची सही-शिक्क्याची यादी मागा आणि ती घरी बायकोकडे ठेवा, ट्रंकेत घालून पलटणीत नेऊ नका.